फाळका उघडलाच नाही

दादाच्या खिशात शिवणकामाची टेप होती. वहिनीच्या मशीनच्या खणातली, पिवळी, टोकाला पत्र्याची पट्टी असलेली. लॉन्सच्या बाहेर मोटारसायकल लावताना त्याने ती एकदा चाचपली आणि घडी करून पुन्हा शर्टाच्या खिशात ठेवली. "आधी हौदा मोजून घेऊ," म्हणाला. "मग त्यांना काय सांगायचंय ते सांगू दे."

नवरात्रातल्या तिसऱ्या माळेची संध्याकाळ होती. एका कंपनीच्या नव्या इलेक्ट्रिक पिकअपचं नाशिकमध्ये अनावरण होतं आणि दादाला आमंत्रण होतं. त्याची सध्याची गाडी गेली नऊ वर्षं ज्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगला जाते, त्यांनीच कार्ड पाठवलं होतं. कार्डावर द्राक्षाचा मळा, मळ्याच्या बांधावर उभी गाडी आणि खाली 'नाशिकच्या शेतकऱ्यासाठी' असं लिहिलेलं. ते कार्ड दादाने टीव्हीच्या काचेला टेकवून ठेवलं होतं. दसऱ्याला बुकिंग करायचं, असं घरात बोलणंही झालं होतं. आईने तर गाडीची पूजा कुठे मांडायची तेही ठरवून टाकलं होतं.

या सगळ्याला कारण मी होतो. दादाच्या डोक्यात विजेची गाडी मीच भरवली.

दादा सोळा वर्षं रात्रीची गाडी चालवतो. गिरणाऱ्याच्या टोमॅटो मार्केटमध्ये संध्याकाळी माल भरायचा, ताडपत्री ओढायची, दोर आवळायचा आणि आठच्या सुमाराला वाशीला निघायचं. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी, इगतपुरी, कसारा, शहापूर, भिवंडी. मध्यरात्रीनंतर कधीतरी वाशीच्या मार्केटच्या गेटवर नंबर लागतो. गाळ्यावर माल उतरतो, रिकामी कॅरेट मागे टाकायची आणि उजाडता उजाडता परतीची वाट धरायची. सकाळी दहापर्यंत घरी. मग अंघोळ, जेवण, झोप. गाडी दारातल्या कडुनिंबाखाली संध्याकाळपर्यंत उभी.

आणि मी सत्तावीस वर्षं सातपूरला डिझेल नोझलच्या कामात आहे. नाशिकच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. डिझेल इंजिनात इंधन फवारणारे नोझल बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं तरी आमचं सर्कल मायको सर्कलच राहिलं. तिच्याभोवती छोट्या-मोठ्या वर्कशॉपची एक अख्खी वस्ती उभी राहिली. नोझलच्या आत जी सुई सरकते, तिची आणि भोवतालच्या भोकाची फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. ती फट राखण्यात माझं आयुष्य गेलं आणि त्यावरच दोन मुलांची शिक्षणं झाली. डिझेलविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. म्हणूनच डिझेलला पर्याय म्हणून काही येत असेल तर ते चांगलं असावं, धड असावं, असं मला फार वाटतं. ज्या कामाने आपल्याला घडवलं त्याची जागा घेणारी वस्तू निदान त्याच्या तोलाची तरी हवी.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी दादाच्या खेपेचा हिशोब मांडला. वहीत, पेन्सिलने. गिरणारे ते वाशी जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर. भरलेली जाताना आणि रिकामी येताना मिळून सरासरी बाराची, म्हणजे तीस लिटर डिझेल. एका लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. म्हणजे एका खेपेला तीनशे युनिट. त्यातला चाकापर्यंत पोचतो तो जेमतेम एक तृतीयांश. बाकीचा रेडिएटर आणि सायलेन्सरच्या वाटेने हवेत जातो. तेवढंच अंतर विजेच्या पिकअपला ऐंशी-पंच्याऐंशी युनिटांत कापता येईल, असं माझं गणित आलं. युनिटला दहा रुपये धरले तरी साडेआठशे. डिझेलचे होतात सत्तावीसशे.

पण मला खरा हुरूप आला तो पैशांमुळे नव्हे. आला तो उतारामुळे.

नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे-सहाशे मीटर उंचीवर आहे आणि वाशी खाडीच्या काठावर. आमचा माल भरलेला जातो तो खाली. वर येते ती रिकामी गाडी. विजेच्या गाडीची मोटर उतारावर उलटं काम करते. चाकं तिला फिरवतात, ती जनित्र होते आणि बॅटरीत वीज परत भरते. स्वित्झर्लंडमधल्या एका चुनखडीच्या खाणीत विजेवरचा डंपर याच तत्त्वावर चालतो. डोंगरावर रिकामा चढतो, दगड भरून उतरतो आणि उतरताना चढण्यापुरती वीज कमावतो. आमच्या घाटाची गोष्ट इतकी टोकाची नाही, मध्ये सपाट रस्ताही खूप आहे. तरी दिशा तीच. शिवाय बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावरची वीज घ्यायला तिच्यात जागा नसते. आमच्याकडे तीही अडचण नाही. कसाऱ्याचा उतार लागेपर्यंत साठ-सत्तर किलोमीटर झालेले असतात.

त्यात गाडी दिवसभर उभी. शेतीच्या फीडरला दिवसा सौरवीज द्यायची म्हणून राज्यात योजना चालू आहे, गावोगाव पॅनेल बसतायत. दिवसा ऊन, दिवसा वीज, दिवसा गाडी मोकळी. रात्री धंदा. देवाने मोजून-मापून जुळवल्यासारखं हे आहे, असं मला त्या रविवारी वाटलं आणि आजही वाटतं.

आणि हा घाट विजेला काही नवा नाही. कसारा-इगतपुरीच्या रेल्वेमार्गाला सदतीसास एक असा चढ आहे. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. तिथे १९३० च्या सुमारापासून विजेची इंजिनं गाड्या ओढतायत. त्या काळातल्या मालगाडीच्या लांब नाकाच्या इंजिनाला रेल्वेची माणसं 'खेकडा' म्हणायची. त्यातलं एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेलं आहे, शाळेची सहल गेली तेव्हा मी त्याच्या चाकाला हात लावून आलो होतो. आजची थ्री-फेज इंजिनं तर उतरताना वीज थेट वरच्या तारेत परत सोडतात. रेल्वेने जे नव्वदहून जास्त वर्षं केलं ते शेजारच्या डांबरी रस्त्यावर एका टोमॅटोच्या गाडीला का जमू नये?

असं सगळं डोक्यात घेऊन आम्ही दोघे भाऊ त्या लॉन्सच्या कमानीतून आत गेलो.

वेळ संध्याकाळी पाचची होती. खुर्च्यांना पांढरे कव्हर, मागे सोनेरी बो. लग्नाचाच मांडव, फक्त अक्षता नव्हत्या. स्टेजवर निळ्या कापडाखाली गाडी झाकलेली. कापडाखालून तिचे दिवे लुकलुकत होते आणि तिच्याच स्पीकरवर गाणी लावलेली होती. "बघा, म्युझिक सिस्टीम गाडीचीच आहे," निवेदक दर दहा मिनिटांनी सांगत होता. प्रमुख पाहुणे यायचे होते. सहा वाजले, सात वाजले. आसपास सगळी दादासारखीच माणसं. पेठ रस्त्याच्या मार्केट यार्डातले दोन आडते, दिंडोरीचे द्राक्षवाले, पिंपळगावचा एक जण ज्याच्या सात पिकअप आहेत. टोमॅटोच्या ऐन हंगामात ही माणसं संध्याकाळ मोकळी ठेवत नाहीत. दादाने त्या दिवसाची खेप सोडली होती. पुढच्या रांगेतले एक आजोबा, डोक्यावर टोपी, हातात कार्ड गुंडाळलेलं, तीन तास ताठ बसून होते.

पाहुणे आठला आले. दिवे मालवले, धूर सोडला, ढोल वाजले. कापड ओढलं गेलं.

गाडी देखणी होती, यात शंका नाही. पण माझ्या शेजारी दादाचा श्वास खाली बसलेला मला ऐकू आला. चार दारांची, पाच जणांची केबिन आणि मागे छोटासा हौदा, पाच फुटांच्या आत-बाहेर. हौद्यात हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं आणि त्यावर दोन सायकली आणि एक तंबू. स्क्रीनवर फिल्म सुरू झाली. समुद्रकिनारा, वाळूवर धावणारी गाडी, गॉगल लावलेलं जोडपं. निवेदन हिंदीत आणि इंग्रजीत. शेत दिसलं ते एकदाच, तेही सूर्यफुलाचं.

मग गाडीने स्टेजवरच्या उतारावरून आपोआप, आवाज न करता, लोकांत यायचं होतं. ढोल थांबले. सगळे माना उंचावून बघत होते. चालकाने काहीतरी दाबलं. पुन्हा दाबलं. दिवे एकदा मिणमिणले आणि विझले. गाडी हलली नाही. निवेदक बोलत राहिला, पाहुणे टाळ्या वाजवायला हात जवळ आणून थांबले. शेवटी काळ्या टी-शर्टमधल्या चार पोरांनी मागे खांदे लावले, तर तेही जमेना, कारण चाकं अडकलेली. लोकांमधून कुणी हसलं नाही. ज्यांनी आयुष्यात बंद गाड्या ढकलल्या आहेत ती माणसं अशा वेळी हसत नाहीत. पिंपळगाववाला तर उठून मदतीला निघाला होता, त्याला खाली बसवलं.

त्यानंतर आकडे आले. स्क्रीनवर मोठी रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, झळकली, तिच्या डोक्यावर बारीक तारा. किंमत आली, तिच्याही डोक्यावर तारा. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्या ताऱ्यांचा अर्थ होता. तो वाचायला मला चष्मा काढून कागद नाकाशी न्यावा लागला. रेंज ठरलेल्या चाचणीतली. ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. तिथे घाट नसतो, टोमॅटो नसतात आणि घोटीच्या टोलनाक्यावरची रांग नसते. माल वाहायचं मॉडेल 'पुढच्या टप्प्यात'. कुठला टप्पा, कधी, ते कुणाला सांगता येईना.

जेवणाकडे गर्दी वळली तसा दादा गाडीकडे गेला. मी मागून. त्याने आधी गाडीला एक फेरी घातली, टायरकडे पाहिलं, वाकून पाटे बघितले. मग मागे जाऊन फाळक्याच्या कडीवर हात ठेवला. फाळका उघडून, टेपने लांबी-रुंदी घ्यायची, एवढंच. दीड टन पासिंगच्या हौद्यात वीस किलोचे सत्तर कॅरेट बसायला हवेत. ते किती थरांत, दोर कुठे बांधायचा, वाशीला हमाल मागून माल ओढतो की बाजूने, हे सगळं त्याला हौद्यात नजर टाकून कळतं. या गाडीत सत्तर बसणार नाहीत हे त्याला लांबूनच दिसलं होतं. तरी त्याला मोजायचं होतं. घेऊन आलेल्या टेपेला काम द्यायचं होतं, असंच मी म्हणेन.

"अंकल, टच नहीं करना." सफारी घातलेला तरुण पुढे आला. उंचापुरा, आवाज काही उद्धट नव्हता. त्याला तसं सांगितलेलं असणार.

"फाळका उघडून बघतो फक्त," दादा मराठीत म्हणाला.

"अलाउड नहीं है."

दादाने हात मागे घेतला. कडीवर बोटांचे ठसे उमटले होते, ते त्याने स्वतःच्या बाहीने पुसले. मग टेप खिशातून न काढताच चाचपली आणि "चल, जेवू," म्हणाला. त्याचं ते बाही पुसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सोळा वर्षं ज्याने रात्री जागून या जिल्ह्याचा माल मुंबईच्या ताटात पोचवला, पिकअप म्हणजे काय हे ज्याला त्या मांडवातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं, त्याने तिला हात लावला म्हणून आपणच तिचा डाग पुसायचा.

मी जेवलो नाही. स्टेजच्या मागे गेलो. तिथे एक मुलगी, पंचवीस-सव्वीसची, गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन गाडीच्या उघड्या दारात बसली होती. डॅशबोर्डखालून एक केबल लॅपटॉपला जोडलेली. कपाळावर घाम. मी माझी ओळख सांगितली, नोझलचं काम सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. "काका, मेन बॅटरी फुल आहे," ती म्हणाली. "बारा व्होल्टवाली बसली."

मला उलगडा झाला. विजेच्या गाडीत मोठ्या बॅटरीबरोबर एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असते, आपल्या नेहमीच्या गाडीसारखीच. मोठ्या बॅटरीचं कुलूप उघडणारे रिले या छोट्या बॅटरीवर चालतात. गाडी पूर्ण चालू नसताना दिवे आणि गाणी तीन तास तिच्यावरच चालली. ती उतरली आणि भरलेल्या बॅटरीची किल्लीच हरवली. गाडीत दोष नव्हता. पाहुण्यांची वाट पाहण्यात तिचा जीव गेला होता.

"गाणी बंद करा असं मी दोनदा सांगितलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

मी तिला घाटाचं विचारलं. माल भरून कधी चढ-उतार तपासलेत का? तिने लॅपटॉपवरून मान वर केली. "केलंय ना, काका. कार्गोवाल्या गाडीवर. वाळूच्या गोण्या भरून घाट उतरलो. ब्रेकला पाय जवळजवळ लावावाच लागत नाही. फार छान आले होते आकडे." मग थोडं थांबून म्हणाली, "पण ते स्लाइडवर नाही घेतलं."

तिच्यावर माझा राग नव्हताच. घरी परतताना मात्र मी दादाशी एक शब्द बोलू शकलो नाही.

अनावरणात गडबड होणं ही काही मोठी गोष्ट नाही. जगात सगळीकडे होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसला टेस्लाने आपला सायबरट्रक दाखवला तेव्हा माझ्या मुलाने मला मोबाइलवर तो प्रसंग दाखवला होता. काच फुटत नाही म्हणून त्यांच्या मुख्य डिझायनरने तिच्यावर लोखंडी गोळा फेकला आणि काच तडकली. मग मागच्या दाराची काच, तीही तडकली. त्या फुटक्या काचांची जगभर चर्चा झाली. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागते. त्या रात्री सांगितलेली सुरुवातीची किंमत ३९,९०० डॉलर होती. चार वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०२३ ला, पहिल्या गाड्या ग्राहकांना मिळाल्या तेव्हा यादीतली सर्वांत कमी किंमत ६०,९९० डॉलर झाली होती. सर्वांत मोठ्या मॉडेलला ५०० मैलांहून जास्त रेंज सांगितली होती, तीही हाती आली नाही. काच बदलता येते. शब्दाचं तसं नाही. आणि ज्याने त्या शब्दावर आपला धंदा आखला, जुनी गाडी विकायला काढली, त्याचं काय होतं याचा विचार स्टेजवरून कुणी करत नाही.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. टाटांची एस, आपल्या तोंडी 'छोटा हत्ती', २००५ साली आली. त्या प्रकल्पाचं नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होतं. गाडी आखण्याआधी त्यांची माणसं मालवाहू तीनचाकी चालवणाऱ्यांकडे गेली आणि त्यांना काय हवं ते विचारत बसली. त्यातून ती दोन सिलिंडरची, सातशे सीसीची, गल्लीत वळणारी गाडी जन्माला आली. ती इतकी का चालली याची कारणं पुष्कळ असतील. मला वाटतं त्यातलं पहिलं म्हणजे कुणीतरी आधी चालकाच्या शेजारी बसून ऐकलं.

दादाकडे कुणी आलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, हे मी दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारलं. तो अंगणात कॅरेट धूत होता. आधी "जाऊ दे रे," म्हणाला. मग त्याच माहितीपुस्तिकेच्या कोऱ्या मागच्या पानावर, मी विचारत गेलो तसा, लिहीत गेला. हौदा नऊ फूट. फाळका तिन्ही बाजूंनी पडणारा. दोर बांधायला हुक बाहेरून, आतून नको, कॅरेट घासतं. सत्तर कॅरेट. एका दमात वाशी. वाशीला माल उतरेपर्यंत दोन-अडीच तास गाडी उभीच असते, तिथे मार्केटातच चार्जर हवा. घरी मोठा चार्जर हवा, कारण पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर नऊ तासांत तीसच युनिट भरतील (हे मी सांगितलं, त्याने लिहिलं). गावात लाइट गेली तर गाडीतून घरात वीज काढता यावी. अमेरिकेत फोर्डच्या विजेच्या पिकअपमधून ९.६ किलोवॉटपर्यंत वीज बाहेर घेता येते हे मी त्याला सांगितलं, तर त्याने पेन थांबवलं. "म्हणजे तीनची मोटर चालेल?" चालेल, म्हटलं. तीन एचपीला तीनेक किलोवॉट पुरतात. मोटर सुरू होताना झटका मोठा घेते, तो सोसायला हवा, एवढंच. त्याने ते ठळक लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

शेवटी लिहिलं, 'बिघडली तर रात्री दोन वाजता कोण येणार?' हा त्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यापासून डिझेल गाडीचाही एखादा सेन्सर गेला की शहापूरच्या मिस्त्रीला हात लावता येत नाही. आणि टोमॅटो सकाळपर्यंत थांबत नाहीत.

तो कागद मी जपून ठेवलाय. त्या मुलीने मला तिचा मेल पत्ता दिला होता. कागदाचा फोटो तिला पाठवला, खाली दादाचं नाव लिहून. तिचं उत्तर त्याच रात्री आलं. हुक बाहेरून का, एवढंच विचारलं होतं. दादाने मला फोनवर तीन मिनिटं त्याचं कारण समजावलं आणि मी ते जसंच्या तसं टाइप करून धाडलं.

सहाव्या माळेला मी दादाबरोबर खेपेला गेलो. सुट्टी काढून, वही घेऊन. गिरणाऱ्याला पाऊस भुरभुरत होता. हमालांनी सत्तरच्या जागी पंचाहत्तर कॅरेट रचले तेव्हा दादाने पाच उतरवायला लावले. "हा मोजायला आलाय आज," त्याने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. इगतपुरीला घाटनदेवीचं देऊळ रोषणाईने लखलखत होतं. जत्रेची गर्दी ओसरलेली. दादाने वेग कमी केला, एक हात स्टीअरिंगवरून काढून छातीला लावला आणि घाटात गाडी घातली.

उतार लागताच त्याने गिअर खाली घेतला. इंजिन ओरडू लागलं. पुढे एक कंटेनर रांगत होता, त्याच्या मागे ब्रेक धर, सोड, पुन्हा धर. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर तो वास आला. जळक्या ब्रेक-लायनरचा, रबर आणि भाजलेल्या धुळीचा मिळून होतो तसा. सोळा वर्षं दादाच्या शर्टांना हा वास येतो आणि मी तो डिझेलचा समजत होतो. मी वहीत लिहिलं, तीन टनांच्या वर वजन, जवळजवळ तीनशे मीटर उतार. वहीवर अंधारात अक्षरं एकमेकांवर चढली.

कसाऱ्याच्या पायथ्याला चहासाठी थांबलो. दादा खाली उतरला आणि सवयीने मागच्या चाकाजवळ वाकून हात धरला, शेकोटीपुढे धरतात तसा. मीही धरला. चार बोटं लांबूनही धग लागत होती.

"हे सगळं बॅटरीत गेलं असतं?" त्याने विचारलं.

"सगळं नाही. दीडेक युनिट मिळालं असतं."

"दीड युनिटात किती जाते गाडी?"

"सहा-सात किलोमीटर."

त्याने पुढे अंधारात पाहिलं. रस्ता त्याला पाठ आहे, तो मनातल्या मनात कुठल्यातरी ढाब्यापर्यंत गेला असणार. "रोज?"

"रोज. आणि लायनर टिकतील ते वेगळेच."

"मग हे सांगायचं होतं की रे त्यांनी," दादा म्हणाला. "मी शेवटपर्यंत बसलो होतो."

चहावाल्याने ग्लास पुढे केले. दादाने त्याचा दोन घोटांत संपवला, ताडपत्रीचा एक सुटलेला दोर पुन्हा आवळला आणि दार उघडत म्हणाला, "चल, एकच्या आत नंबर लावायचाय."